पैसे वाचवा म्हणे! वाचवायचे कुणाच्या कमरेतून?

घर बदलतोय असं नुसतं म्हणून बघा, सल्ले देणारे रांग लावतात. "पॅकर्स कशाला, चार मित्र बोलवा." "खोकी फुकट मिळतात, गोळा करा." "एका दिवसात उरका, दोन्हीकडे भाडं कशाला भरताय?" अरे बाबांनो, हे सगळं धडधाकट माणसासाठी झालं. दुसरा कंपू तब्येतीची काळजी वाहणाऱ्यांचा. "तुम्ही अजिबात वाकू नका, सगळं त्यांच्याकडूनच बांधून घ्या, नवं घर पंधरा दिवस आधी घ्या, सावकाश लावा." हे भरल्या खिशासाठी. ज्याच्या घरात रोजच्या गोळ्याही आहेत आणि दर महिन्याचा हप्ताही आहे, त्याने काय करायचं? कमरेला आराम द्यायचा तर पैसे जातात, पैसे वाचवायचे तर कंबर जाते. आणि ज्याला दोन्ही परवडत नाही त्यालाच सगळे मिळून "जरा नियोजन करा" असं ऐकवतात!

आधी डिपॉझिटचं बघू, कारण संतापाची सुरुवात तिथूनच होते. नव्या घरमालकाला चावी द्यायच्या आधी डिपॉझिट हवं असतं. जुना घरमालक मात्र घर रिकामं झाल्यावर, भिंती न्याहाळून, शेवटची बिलं येऊ देऊन, मग सवडीने परत करतो. म्हणजे मधले कित्येक दिवस दोन डिपॉझिटं अडकलेली. बाजूला तेवढे पैसे असते तर ते आधीच कर्जात भरले नसते का? मग क्रेडिट कार्ड निघतं. महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. १०० बाकी असताना ५ भरले तर ३ व्याजातच जातात, मुद्दल कमी होतं २ ने. त्यात मागची बाकी पुढे ओढलेली असेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खर्चाला बिनव्याजी मुदत मिळतच नाही. टेम्पोचं भाडं कार्डावर टाकलं की त्याच दिवसापासून व्याज चालू.

आणि हे होतं नेमकं हप्ता कापला जायच्या आठवड्यात. खात्यातून डिपॉझिट गेलेलं, हप्ता परत फिरतो, बँक एक दंड लावते, कर्ज देणारा दुसरा लावतो. म्हणून खोकी जमवण्याआधी एक कागद घ्या आणि तारखा लिहा: डिपॉझिट कधी जाणार, जुनं कधी येणार, कुठला हप्ता कधी कापला जाणार, औषधं कधी संपणार. हप्ता अडचणीत दिसत असेल तर तारीख पुढे सरकवायची विनंती हप्ता चुकायच्या आधी करायची. आधी विचारणाऱ्याशी ते ग्राहकासारखं बोलतात, नंतर विचारणाऱ्याशी वसुलीवाले बोलतात. मधल्या दिवसांचं व्याज किती लागेल हे लेखी मागा. जुन्या घरमालकाकडूनही डिपॉझिट परत करायची तारीख घर सोडायच्या आधी लेखी घ्या. नव्याला डिपॉझिट दोन टप्प्यांत चालेल का, हे विचारायला लाजू नका. फार तर नाही म्हणेल.

आता "एका दिवसात उरका"वाल्यांकडे वळू. चार दिवस दोन्ही घरं हातात ठेवायचे म्हणजे महिन्याच्या भाड्याचे साधारण १३ टक्के. खर्च आहे, मान्य. पण आजारी माणसाने या सगळ्या प्रकरणात एका गोष्टीवर पैसे टाकायचे असतील तर ते याच दिवसांवर टाकावेत. बबल रॅपवर नाही, छापील खोक्यांवर नाही, "स्पेशल पॅकिंग"वर तर मुळीच नाही. चादरी, टॉवेल, कपडे घरात असतातच, त्यात काचेचं सामान गुंडाळा. पण एका दिवसात सगळं करायचं म्हणजे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उभं राहणं, वेळेवर न जेवणं, गोळी चुकणं. त्याची किंमत पुढचा आठवडाभर अंथरुणात वसूल होते, आणि कामावर गेलं नाही म्हणून पगार कापला गेला तर ती भाड्याच्या १३ टक्क्यांवर थांबत नाही.

पूर्ण पॅकर्स किंवा फुकटचे मित्र, असे दोनच पर्याय असल्यासारखं जो तो का बोलतो हे एक कोडंच आहे. तिसरा आहे की! बांधाबांध तीन आठवडे थोडी थोडी स्वतः करायची आणि फक्त चढवायच्या-उतरवायच्या तासांपुरती माणसं पैसे देऊन घ्यायची. सगळ्यात धोक्याचं काम तेवढंच असतं. मित्र प्रेमाने येतात, पण कपाट जिन्यात कसं फिरवायचं हे त्यांना ठाऊक नसतं. कुणाचा पाय चेंगरला की तो अपराधीपणा वेगळाच.

पॅकर्स घेतलेच तर फोनवर सांगितलेला आकडा आकडा मानू नका. सामान न बघता दिलेला दर हा बोलावण्यापुरता असतो. सामान गाडीत चढलं की मग जिन्याचे वेगळे, लिफ्ट बंद म्हणून वेगळे, गाडी दारापर्यंत आली नाही म्हणून वेगळे, पलंग खोलायचे वेगळे. अर्धं घर त्यांच्या ताब्यात असताना तुम्ही काय भांडणार? सामानाची यादी, दोन्हीकडचे मजले, दारापासून गाडीपर्यंतचं अंतर, खोलणं-जोडणं, गाडी थांबवून ठेवायचे पैसे, सगळं आधी लेखी घ्या. नुकसानभरपाईची कलमं वाचा. ग्राहकाने स्वतः बांधलेल्या खोक्यातली फुटतूट बऱ्याचदा त्यात धरत नाहीत, आणि वरून ओरखडा नसताना बंद पडलेली यंत्रंही.

फुकटच्या खोक्यांचंही एकदा होऊन जाऊ दे. मिळतात ती मोठी असतात. ४५ सेंटीमीटर लांब-रुंद-उंच खोकं म्हणजे ९० लिटरच्या आसपास जागा. पुस्तकांनी किंवा कागदांनी ठासून भरलं तर ते ५० किलोच्या घरात जातं. निरोगी माणसाने, सगळी परिस्थिती अनुकूल असताना, अंगाजवळ धरून उचलायच्या वजनाची अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या सूत्रातली कमाल मर्यादा २३ किलो आहे. वजन अंगापासून लांब गेलं, वाकून जमिनीवरून उचललं, उचलताना कंबरेत वळलं की ती झपाट्याने खाली येते. म्हणून पुस्तकं ३० सेंटीमीटरच्या छोट्या खोक्यात, मोठी खोकी उशा-कपड्यांना. दुखणं असलेल्याने स्वतः हलवायचं खोकं ८-१० किलोच्या वर जाऊच देऊ नये. खोकं टेबलावर ठेवून बसून भरा. जमिनीवर ओणवं होऊन भरण्यानेच निम्मी कंबर जाते, उचलणं तर पुढचं. घड्याळ लावून २५ मिनिटं काम, १० मिनिटं बसणं. दमल्यावर थांबणं म्हणजे उशीर झाला, दमायच्या आधी थांबायचं. उचलताना श्वास रोखू नका. रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

औषधांबद्दल तर बोलावं तेवढं कमी. खोक्यांवर कोणत्या रंगाची चिठ्ठी लावायची यावर हे सल्लागार पानंच्या पानं लिहितील, पण औषधं गाडीत टाकू नयेत ही ओळ त्यांना सुचत नाही. औषधांची पिशवी अंगावर. टेम्पोत नाही, "पहिलं उघडायचं खोकं" लिहिलेल्या खोक्यातही नाही, कारण तेच खोकं सगळ्यांत आत जातं. पिशवीत किमान दोन आठवड्यांचा साठा, मूळ पाकिटांसकट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिचा मोबाइलमध्ये फोटो. घर बदलायच्या तारखेआधीच नवा साठा घ्या, कारण नव्या भागात डॉक्टर सापडेपर्यंत वेळ जातो आणि काही औषधं चिठ्ठीशिवाय मिळतच नाहीत. "दोन दिवस गोळी चुकली तर काय होतं" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीच्या गोळ्या), स्टेरॉइड, फिट्सची औषधं अशी एकदम तोडायची नसतात. रक्तदाब उसळणं, फिट येणं, हे या तुटलेल्या दोन दिवसांतही होऊ शकतं.

इन्सुलिनचा न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत लागतो. वापरात असलेली पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला २८ दिवसांपर्यंत चालते, नेमकं आपल्या पाकिटावर बघा. बर्फाला चिकटवून नेऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नीट दिसलं तरी फेकायचंच. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका. साखर तपासायच्या पट्ट्या त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या त्यांच्या काचेच्या बाटलीतून काढून डब्यात भरू नका, त्यांचा जोर उडतो.

आणि फ्रिज! "फ्रिज लावला की इन्सुलिन ठेवून द्या." कुठे ठेवून द्या? आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, पुसून न्यायचा असतो तो. आडवा नेला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं आणि लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर जायची भीती. उभा नेला तरी काही तास, आडवा नेला असेल तर एक दिवस उभा ठेवून मग चालू करायचा. त्यानंतरही आत पुरेसं थंड व्हायला कित्येक तास. म्हणजे त्या मधल्या वेळासाठी थंड पिशवी हवीच, आणि आत ठेवलेल्या थर्मामीटरवर ८ च्या खाली दिसल्याशिवाय औषध फ्रिजमध्ये जाणार नाही. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचे मागचे बोल्टही असेच. ड्रम बांधून ठेवणारे ते ३-४ बोल्ट न लावता मशीन हलवलं तर ड्रम ज्यांवर झुलतो त्या आतल्या स्प्रिंगा तुटू शकतात, आणि नवीन मशीन पुन्हा हप्त्यावर.

मधुमेहाच्या माणसाला "अहो, तेवढाच व्यायाम" म्हणणाऱ्यांसाठी: इन्सुलिनवर किंवा साखर जोरात उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असलेल्या माणसाची साखर दिवसभराच्या ओझ्याने उतरते, आणि काम संपल्यावर रात्री झोपेतही उतरू शकते. त्या दिवशी जास्त वेळा तपासा, झोपताना नक्की. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर लगेच, १५ मिनिटांनी परत तपासा. ती साखर खिशात हवी, कुठल्यातरी खोक्यात नको.

संध्याकाळी अंग ठणकायला लागलं की कुणीतरी उदार मनाने वेदनाशामक गोळी पुढे करतं. रक्तदाबाची काही औषधं, त्यात लघवी वाढवणारी गोळी, दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलेलं, आणि वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक: मूत्रपिंडाला दणका देणारा हा चौकार आहे. ही औषधं चालू असतील तर दुखल्यावर काय घ्यायचं हे आधीच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. दम्याचं तर विचारूच नका. कपाटामागची वर्षांची धूळ झटकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, नाकावर एन-९५, इनहेलर खिशात. नव्या घरात ताजा रंग असेल तर खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस जाऊ द्यायचे. यासाठीही तेच चार दिवस लागतात, ज्यांना सगळे उधळपट्टी म्हणतात.

पहिल्या रात्री फक्त पलंग जोडा. स्वयंपाकघर गेलं खड्ड्यात. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पलंगाच्याच पट्टीला चिकटवलेले असले पाहिजेत, पाना औषधांच्या पिशवीत. भुश्याच्या फळीचं स्वस्त कपाट खोलून परत जोडायच्या भानगडीत पडू नका. त्यातली स्क्रूची भोकं दुसऱ्यांदा पकड धरत नाहीत. ते हलवायला जेवढं लागतं तेवढ्यात त्याची किंमत निघते, त्यामुळे इथेच देऊन टाका.

पत्ता बदलायचं काम मात्र नवं घर लागेपर्यंत थांबवू नका. बँक, कार्ड, कर्ज देणारा, आरोग्य विमा. कर्जाची सूचना जुन्या पत्त्यावर जाऊन पडली आणि उत्तर दिलं नाही, तर "आम्हाला मिळालीच नाही" हे कुणी ऐकून घेत नाही.

मग एकदाचं जुनं डिपॉझिट परत येतं. ते आलं त्याच दिवशी सगळ्यांत जास्त व्याजाच्या बाकीत भरायचं, एक महिन्याचा औषधखर्च बाजूला काढून. खात्यात दिसत राहिलं की संपतं. पण त्याच आठवड्यात घर बघायला माणसं येतात, रिकाम्या भिंतींकडे बघतात आणि विचारतात, "सोफा नाही घेतला अजून? आजकाल बिनव्याजी हप्त्यावर मिळतो की!" त्या बिनव्याजीमागे प्रक्रिया शुल्क असतं, रोखीची सूट गमावलेली असते आणि डोक्यावर आणखी एक तारीख चढते. त्यांना खुर्चीवर बसवा. खुर्ची नसेल तर पुस्तकांचं एखादं खोकं सरकवा, पण त्यांनाच सरकवू द्या.