टेबलाखाली जाऊ नका, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या आणि वसतिगृहांतील विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत भूकंपाविषयीचा एक जुना संदेश पुन्हा फिरू लागला आहे. त्याचे म्हणणे असे, की भूकंपात टेबलाखाली किंवा बाकाखाली शिरणारे हमखास चिरडले जातात. म्हणून कपाट, पलंग, सोफा अशा मोठ्या वस्तूच्या शेजारी अंग मुडपून पडावे, कारण छत कोसळले की त्या वस्तूलगत त्रिकोणी पोकळी उरते आणि तिच्यात माणूस वाचतो. पुराव्यादाखल मेक्सिकोतील एका शाळेची हकिगत आणि तुर्कस्तानातील एक प्रयोग सांगितला आहे. शेवटी कोणीतरी मराठीत भर घातली आहे, की बडोद्याला भूकंपाची भीती नाहीच, तरी माहिती असावी म्हणून पुढे पाठवत आहे. यंदाच वसतिगृहात राहायला गेलेल्या माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि विचारले, “मामा, यातले खरे काय मानायचे?” तिला दिलेले उत्तर इतरांनाही उपयोगी पडावे, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते खरे मानले तर पुढचे काही वाचण्याचे कारणच उरत नाही. भूकंपरोधक बांधकामाच्या, 2002 साली सुधारलेल्या भारतीय मानकाच्या नकाशात बडोदे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. येथून जवळच असलेल्या भडोचला 23 मार्च 1970 रोजी 5.4 तीव्रतेचा भूकंप होऊन माणसे दगावली होती. 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी 8.46 वाजता कच्छमध्ये धरणी हादरली तेव्हा मी झेंडावंदनासाठी मैदानात उभा होतो, आणि पायाखालची जमीन नावेसारखी झुलल्याचे मला आजही स्पष्ट आठवते. केंद्रबिंदू आपल्यापासून सुमारे 300 किलोमीटर दूर होता. पण त्याच केंद्रापासून 200 किलोमीटरहून अधिक अंतरावरील अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून सुमारे 750 माणसे गेली. तेथे पडलेल्या अनेक इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता, म्हणजे वरचा सारा भार भिंतींचा आधार नसलेल्या खांबांवर होता. नदीच्या गाळाची जमीन दूरच्या भूकंपाचे हादरेही वाढवते, आणि आपले शहर विश्वामित्रीच्या काठी, अशाच गाळाच्या मैदानावर वसलेले आहे.

आता मेक्सिकोच्या शाळेकडे वळू. संदेशाचा मूळ लेखक सांगतो, की 1985 च्या भूकंपानंतर तो एका शाळेत शिरला तेव्हा प्रत्येक मूल आपल्या बाकाखाली चिरडलेले होते. तो भूकंप 19 सप्टेंबरला सकाळी सव्वासातच्या सुमारास झाला, आणि त्या वेळी बहुतेक शाळांचे वर्ग भरलेले नव्हते. बहुतेक वर्गांत मुलेच नसतानाच्या वेळेची अशी हकिगत सांगून काढलेला निष्कर्ष आपल्या मुलांना शिकवणे मला घोर बेजबाबदारपणाचे वाटते.

तुर्कस्तानातील प्रयोगात इमारतीत पुतळे ठेवून ती पाडण्यात आली होती, हे खरे आहे. मात्र ती हादरवून पाडली नव्हती, तर अवजड यंत्राने खांबांना धडक देऊन खाली बसवली होती. भूकंपात जमीन आडवी सरकते, खाटा आणि कपाटे जागा सोडतात, माणसाला दोन पावले धड टाकता येत नाहीत, आणि नेमके हेच त्या प्रयोगात नव्हते. त्रिकोणी पोकळ्या कोठेच सापडत नाहीत, असे मी म्हणत नाही. ढिगाऱ्यातील पोकळ्यांत माणसे वाचलेली आहेत; पण पोकळी कोठे राहिली हे छत पडल्यानंतर कळते, आणि माणसाला जागा त्याआधी निवडायची असते. किल्लारीचे उदाहरण आपल्या मनाला अधिक जवळचे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 वाजता, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली असताना, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर आली. मातीने सगळ्या फटी भरून टाकल्या, तेथे त्रिकोण उरायचा कसा? किल्लारी त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

संदेशाची खरी चूक याहून मुळाशी आहे. भूकंप म्हणजे इमारत संपूर्ण भुईसपाट होणे, एवढेच तो गृहीत धरतो. नियमाप्रमाणे बांधलेल्या काँक्रीटच्या इमारती बहुधा उभ्या राहतात आणि आत माणसे जखमी होतात ती पंखा, ट्यूबलाइट, खिडकीची काच, फळीवरची पुस्तके आणि उलथणारे कपाट यांमुळे. वसतिगृहाच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या शेजारी जाऊन पडणे म्हणजे ते जेथे पडणार तेथेच जाऊन थांबणे होय. प्रयोगशाळेत तर रसायनांच्या बाटल्यांची मांडणीच अंगावर येईल. म्हणूनच आपत्ती व्यवस्थापनाचे जाणकार “झुको, ढको, पकडो” असे शिकवतात: खाली बसा, टेबलाखाली डोके व मान झाका, आणि टेबल सरकले तर त्याच्याबरोबर सरकता यावे म्हणून त्याचा पाय घट्ट धरा. अमेरिकन रेड क्रॉसने 2004 मध्येच या संदेशाचा प्रतिवाद करून हीच सूचना कायम ठेवली होती. इमारतच निकृष्ट असेल तर टेबलही वाचवणार नाही, हे मान्य. त्यावरचा उपाय बांधकामात आहे.

दारात उभे राहू नका आणि हादरे चालू असताना जिना वापरू नका, हे संदेशातील सल्ले मात्र योग्य आहेत. पलंगावरून खाली लोळण घ्या, हा सल्ला चुकीचा आहे. झोपेत हादरा बसला तर तेथेच पालथे राहून उशीने डोके झाकावे, कारण अंधारात जमिनीवर काचा पसरलेल्या असतात. चपला आणि टॉर्च खाटेच्या हाताशी ठेवण्याचे कारणही तेच आहे.

संदेश पुढे पाठवताना काहींनी आपल्याकडून “हादरा जाणवताच बाहेर पळा” अशी ओळ जोडली आहे. तळमजल्यावर, दारालगत आणि समोर मोकळे मैदान असेल तर बाहेर पडणे ठीक आहे. अंजारमध्ये 2001 च्या त्याच सकाळी प्रजासत्ताकदिनाच्या फेरीतील शाळकरी मुले उघड्यावरच होती, पण गल्ली अरुंद होती आणि दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. बडोद्याच्या वाडी किंवा दांडिया बाजार या भागांतील जुन्या घरांत राहून कॉलेजला जाणाऱ्यांनी आपल्या गल्लीची रुंदी एकदा डोळ्यांनी मोजावी.

या साऱ्या चर्चेत वसतिगृहाच्या कुलपाचा उल्लेख कोठेच नाही, याचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते. माझ्या विद्यार्थीदशेत आम्ही राहत होतो त्या वसतिगृहाच्या मागच्या जिन्याची जाळी रात्री दहाला बाहेरून बंद होत असे आणि किल्ली फाटकावरच्या एकाच रखवालदाराकडे असे. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी दार बंद हवे, ही पालकांची काळजी मी समजतो, कारण तीच आज मलाही आहे. परंतु किल्लारीची वेळ पहाटेची होती. हादरे थांबल्यावर दोनशे मुले एका जिन्याने उतरणार असतील, तर आतून उघडणारी कडी आणि प्रत्येक मजल्यावर दुसरी किल्ली असणे हा सुरक्षेचाच भाग आहे, आणि तो जिना सायकली व जुन्या गाद्या ठेवण्याची जागा असू शकत नाही.

भाचीने खोलीतील कपाट दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला पक्के करून घेतले आहे आणि खाट खिडकीपासून दूर सरकवली आहे. मागच्या जिन्याची दुसरी किल्ली कोणाकडे असते, हे तिने रेक्टरांना लेखी विचारले आहे.