ड्रॉ म्हणजे आपलं काढणं!

काल लेकीचा इंग्रजीचा होमवर्क घेत होते. पुस्तकात होतं 'ड्रॉ वॉटर फ्रॉम द वेल' आणि या बयेने वहीत विहीर काढून आत निळं पाणीपण रंगवून ठेवलेलं. आधी हसले, मग म्हटलं तिचं काय चुकलं, शाळेत पहिलीपासून ड्रॉ म्हणजे चित्र काढणे एवढंच घोकून घेतलंय.

खरं तर या शब्दात चित्रबित्र काही नव्हतंच. जुन्या इंग्रजीत ड्रागान म्हणजे ओढणे, ड्रॅग त्याचाच भाऊबंद. आपण रेघ ओढतो ना, तशी पेन्सिल कागदावरून ओढत न्यायची, त्यातून चित्र आलं. ओढून उघडायचा खण तो ड्रॉवर. आणि ड्रॉइंग रूमचा तर चित्राशी काडीचा संबंध नाही, ती मूळची विथड्रॉइंग रूम, जेवणं झाली की उठून जाऊन बसायची खोली, पुढचं विथ गळून पडलं.

पण मला खरी मजा वाटते ती आपल्या काढणेची. विहिरीतून पाणी काढतो, चित्र काढतो, तलवार काढतो, चिठ्ठी काढतो, बँकेतून पैसे काढतो, आणि या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ड्रॉच चालतो! कारण काढणे आलंय प्राकृतातल्या कड्ढवरून, आणि 12व्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात हा कड्ढ दिलाय संस्कृत कृष्‌च्या जागी, म्हणजे परत ओढणेच. कृषी, आकर्षण त्याच कृष्‌ची लेकरं. (काढा मात्र या घरातला नाही हं, तो क्वाथवरून आलाय.) तिकडे लॅटिनमध्ये ट्राहेरे म्हणजे ओढणे, त्यातून ट्रॅक्टर आणि अट्रॅक्ट. म्हणजे इथे कृषी आणि आकर्षण, तिथे ट्रॅक्टर आणि अट्रॅक्ट, बघा आता!

म्हणून वर्गात मराठी बोललात तर इंग्रजी बिघडेल म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. अहो, पोरीला नुसतं 'ड्रॉ म्हणजे काढणे' सांगितलं असतं तरी निम्मे अर्थ तिचे तिलाच लागले असते, घरात ती दिवसभर तेच तर बोलते.

मीही अशीच शिकलेय म्हणा. नवीन नोकरीत असताना माझा एक चेक परत आला, सोबतच्या चिठ्ठीवर 'रेफर टू ड्रॉवर'. ड्रॉवर म्हणजे चेक काढणारी, म्हणजे मीच, हे नंतर कळलं. त्याआधी ऑफिसच्या टेबलाचे तिन्ही खण उपसून झाले होते.