आमची जागा रेघेत आहे

नगररचना विभागाची पायरी चढेपर्यंत माझी समजूत होती की जमीन ही जमिनीवर असते. ती नकाशात असते. नकाशा कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं असते ते साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात.

मला काही मॉल बांधायचा नव्हता. घराला लागून सासूबाईंच्या नावावरची तीन गुंठे जागा आहे, तिथं पत्र्याचं शेड टाकून मिरची कांडप सुरू करायचं होतं. कांदा-लसूण चटणी मी वर्षानुवर्षं करतेय. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि जावयाला धाक राहावा म्हणून मूठभर लवंगी. उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात, आणि मी आपली दुसऱ्याच्या कांडपावर भाजलेल्या मिरचीचा डबा मांडीवर घेऊन नंबर लावून बसलेली. शेवटी धाकटी म्हणाली, "आई, आपलंच यंत्र घे की."

सुरुवात अगदी झोकात झाली. लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी धाकटीनं सोफ्यावर बसून मोबाईलवर केली, फुकटात. अन्न परवान्याची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान तेव्हा होतं, हेही तिनंच शोधलं. बँकेच्या साहेबांनी चटणीची पुडी हुंगली, शिंकले, खूश झाले आणि म्हणाले, "कर्ज झालंच म्हणून समजा काकू. फक्त जागेचा झोन दाखला तेवढा आणा."

'फक्त' आणि 'तेवढा' हे शब्द एका वाक्यात आले की माणसानं सावध व्हावं.

तर झोन. गावाच्या विकास योजनेचा एक रंगीत नकाशा असतो. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. आमचं घर पिवळ्यात, घरामागचा ऊस हिरव्यात, आणि आमची तीन गुंठे मधोमध. नगररचनेतला रचना सहायक हा माझ्या थोरल्याच्या वयाचा, नम्र मुलगा. त्यानं टेबलावर नकाशा पसरला, घडीवर डबा ठेवून ती सपाट केली, खालून मोबाईलचा टॉर्च मारला आणि आमच्या गट नंबरावर नख ठेवलं. मग नख जरा सरकवलं. मग भिंग मागवलं. ते येईपर्यंत मी श्वास रोखून त्याच्या नखाकडं बघत होते, कारण जुन्या कागदावरचा पिवळा रंग आधीच उडत चाललेला. पोरानं खरवडला तर काय घ्या!

"मॅडम," तो म्हणाला, "तुमची जागा पिवळ्यात नाही."

"मग हिरव्यात?"

"हिरव्यातपण नाही. तुमची जागा रेघेत आहे."

नकाशा १:५००० चा. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच मीटर होतो. पिवळ्या-हिरव्याच्या मधली काळी रेघ ज्या कुणी ओढली त्याच्या पेनाचं टोक त्या दिवशी जरा जाड होतं, आणि त्या जाडीखाली आमचं होऊ घातलेलं शेड, सासूबाईंची तुळस आणि धुण्याचा दगड एवढं सगळं आलं. हिरव्यात असतो तर शेतमालावरच्या प्रक्रियेचे नियम लागले असते. पिवळ्यात असतो तर रहिवास विभागातल्या गिरणी-कांडपाचे. रेघेसाठी नियम कुणी केलेले नाहीत, कारण रेघेवर कुणी राहत असेल असं नगररचनेला वाटलेलंच नाही.

"मग काय करायचं?"

"तुम्ही झोन बदलाचा अर्ज टाका. कलम ३७ खाली. म्हणजे वादच नको."

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याचं कलम ३७ मला आता हनुमान चालिसेसारखं पाठ आहे. विकास योजनेत किरकोळ फेरबदल करता येतो, मात्र त्यानं योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. हे वाचून मला स्वतःबद्दल थोडा आदर वाटला. माझ्या कांडपानं अख्ख्या शहराच्या विकासाचं स्वरूप बदलू शकेल अशी शंका सरकारला आहे. माझ्यात एवढी धमक आहे, हे आमच्या घरात आजवर कुणी मानलं नव्हतं.

अर्जासोबतच्या कागदांचं वर्णन करत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केलं नाही त्यांची झोप का उडवा. सातबारा, आठ-अ, फेरफार, भाग नकाशा आणि सासूबाईंचं संमतिपत्र. सासूबाईंनी अंगठा देण्याआधी विचारलं, "जमीन विकतीयास का?" नाही म्हटल्यावर विचारलं, "मग एवढे कागद कशाला?" त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडं आजही नाही.

ह्यांची या सगळ्यात मदत अशी की हे दरवेळी सोबत यायचे आणि कचेरीत शिरलं की मौन धरायचे. तरी बारनिशीतले, म्हणजे आवक-जावक टेबलावरचे, क्लार्क बोलायचे ते ह्यांच्याशीच. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर ह्यांना. "सांगा वैनींना, फाईल वर गेलीय." मी ह्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, तीच फाईल पोटाशी धरून.

वर म्हणजे मुख्याधिकाऱ्यांकडं. तेव्हा निवडणुका रखडलेल्या, नगरपरिषदेत नगरसेवक नाहीत, सगळा कारभार प्रशासकांच्या हाती. आणि आमच्याकडं मुख्याधिकारी हेच प्रशासक. कायद्यानं मात्र ती दोन निरनिराळी पदं. त्यामुळं मुख्याधिकाऱ्यांनी आमचा प्रस्ताव सविस्तर टिपणीसह प्रशासकांकडं मान्यतेस्तव सादर केला. दोघं एकाच खुर्चीत बसत असल्यानं काम लगोलग होईल असं मला वाटलं, पण टिपणी खाली बारनिशीला गेली, जावक झाली, आवक झाली आणि सवडीनं त्याच टेबलावर परत आली. प्रशासकांनी ती वाचून मुख्याधिकाऱ्यांकडं खुलासा मागवला. मुख्याधिकाऱ्यांनी तो दिला. त्यात 'आपण उपस्थित केलेल्या मुद्द्याबाबत नम्रपणे नमूद करण्यात येते की' असं होतं. स्वतःशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढं ठराव झाला, दोन्ही शिक्के उमटले, आणि शिपाईमामा म्हणाले, "झालं वैनी, दोघांचंबी एकमत झालं."

मग राजपत्रात सूचना. आमचा गट नंबर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आला, ज्याचा सासूबाईंना इतका अभिमान वाटला की त्यांनी ते पान देवघरात ठेवायला सांगितलं. सूचनेत लिहिलेलं, की कुणाच्या हरकती व सूचना असल्यास एका महिन्याच्या आत लेखी कळवाव्यात.

राजपत्र कोण वाचतं, असं हे म्हणाले. शेजारच्या वहिनी वाचतात.

त्यांची हरकत मी शब्दशः वाचली, कारण तिची प्रत मला रीतसर देण्यात आली. 'सदर ठिकाणी मिरची कांडप सुरू झाल्यास परिसरातील रहिवाशांस शिंका, ठसका व अश्रू यांचा उपद्रव होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' भाषा बघा! या वहिनी एरवी कंपाऊंडवरून "अगं ए, वाटीभर साखर दे गं" म्हणतात. पण मला राग आला तो हरकतीचा नाही, ठसका लागणार हे खरंच आहे. खाली 'सूचना' असं दुसरं शीर्षक होतं आणि त्याखाली एकच ओळ: 'कांदा-लसूण चटणीत मीठ कमी घालावे.'

माझ्याकडून दरसाल दोन किलो चटणी नेतात. आजवर तोंडानं कधी बोलल्या नाहीत. राजपत्रानं विचारलं तेव्हा बोलल्या.

सुनावणीला आम्ही दोघी एकाच रिक्षानं गेलो, कारण दुसरी मिळाली नाही. वाटेत त्यांच्या नातवाच्या मुंजीबद्दल बोलणं झालं. आत गेल्यावर त्या हरकतदार आणि मी अर्जदार. ठसक्याच्या मुद्द्यावर मी धूळ ओढणारा पंखा आणि उंच धुराडं कबूल केलं, त्यावर त्या समाधानी झाल्या. साहेब पेन ठेवणार एवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आणि सूचनेचं?" साहेबांनी कागद उलटला. वाचला. परत वाचला. मला वाटलं हसतील, पण सरकारी माणूस लेखी मजकुराला हसत नाही. आलेल्या प्रत्येक हरकतीवर आणि सूचनेवर अभिप्राय नोंदवावा लागतो. त्यांनी गंभीरपणे मला विचारलं, "मिठाबाबत आपलं म्हणणं?"

मी म्हटलं, मीठ कमी केलं तर चटणी वर्षभर टिकत नाही. ते लिहून घेतलं गेलं. वहिनी म्हणाल्या, आमच्याकडं दोघांनाही बीपी आहे. तेही लिहून घेतलं गेलं. शेवटी 'हरकतदार यांच्यापुरते मीठ कमी करण्यास अर्जदार सहमत' असं उभयमान्य होऊन दोघींच्या सह्या झाल्या. हा कागद पुढं नगरविकास विभागात मुंबईला गेला. मंत्रालयातल्या कुठल्या तरी टेबलावर आज माझ्या चटणीतल्या मिठाचं प्रमाण नोंदलेलं आहे, आणि महागाईच्या दिवसात पाककृतीचं एवढं संरक्षण पेटंट घेऊनसुद्धा झालं नसतं.

मुंबईहून फाईल परत आली ती एका त्रुटीसह. जागा नेमकी कोणत्या विभागात आहे, हे मोजणी करून खात्री केल्याशिवाय ती बदलता कशी येईल? प्रश्न इतका बिनतोड होता की मला त्या न पाहिलेल्या माणसाला नमस्कार करावासा वाटला.

मग मोजणी. भूमी अभिलेखचे भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजायचं यंत्र, घेऊन आले, नगररचनेतला तो मुलगाही आला, आणि दोघांनी नकाशावरची रेघ जमिनीवर आखायला घेतली. चुन्याची फक्की पडत गेली तसे आम्ही सगळे तिच्या मागनं, सासूबाई काठी टेकत सगळ्यात पुढं. रेघ उसाच्या कडेनं आली, तुळशीला वळसा न घालता पुढं गेली आणि मोरीतून आरपार निघाली. शेडची जागा पूर्ण पिवळ्यात! फेरबदलाची गरजच नव्हती. फाईल निकाली काढून दप्तरी दाखल झाली. मोरीचा निम्मा भाग तेवढा शेतीत निघाला, आणि तेव्हापासून हे अंघोळीला निघाले की धाकटी विचारते, "बाबा, शेतावर का?"

पिवळ्याचं एक बरं होतं. विकास योजना मंजूर असली की जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ब प्रमाणं तेव्हा वेगळी अकृषिक परवानगी लागत नव्हती, रूपांतरण कर आणि आकारणी भरायची होती. ती भरली. आता उरली शेडची परवानगी, आणि तीही त्याच मुलाच्या टेबलावर.

"रहिवास विभागात कांडप चालतं मॅडम. तळमजल्यावर पाहिजे, शेजाऱ्यांना त्रास नको, आणि विजेचा भार साडेसात किलोवॅटच्या वर नको. तुमच्या मोटारी किती?"

मिरचीची पूड करणारा पल्व्हरायझर पाच हॉर्सपॉवर, कांडप तीन, पुढंमागं दळणाची गिरणी धरलेली ती दोन. दहा. त्यानं कॅलक्युलेटर काढला. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, दहाचे झाले ७,४६०. तो खुर्चीतून अर्धवट उठलाच. "बसतंय मॅडम! चाळीस वॅट उरतात!"

मी पेढे काढले. त्यानं पेढा तोंडात टाकला, चावता चावता थांबला आणि विचारलं, "शेडमध्ये दिवा कितीचा आहे?"

वहिनींना कबूल केलेल्या धूळ ओढणाऱ्या पंख्याचा विषय मी तिथल्या तिथं गिळला. तो लावायचा तर दळणाची गिरणी सोडावी लागेल. ते आम्ही दोघी मुंजीच्या जेवणात बसून ठरवू. धाकटीनं रात्री हिशेब करून दिला: एलईडी दिवा नऊ वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसीचा छताचा पंखा अठ्ठावीस वॅट, मिळून सदतीस. तसं हमीपत्र शंभराच्या नव्हे, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलं. परवा त्यावर उत्तर आलंय. उरलेल्या तीन वॅटचा वापर कशासाठी करणार, ते लेखी मागितलंय.