फ्रीझर, चेकडिस्क, फुल फॉरमॅट: ‘घरगुती’ डेटा रिकव्हरीचा तो फॉरवर्ड

‘हार्ड डिस्क टकटक करतेय? दुकानदाराला हजारो रुपये मोजू नका, घरीच डेटा परत मिळवा!’ असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. त्यातले उपाय थोडक्यात असे: डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. मग विंडोजचं चेकडिस्क ‘आर’ पर्याय लावून चालवा. तरी उघडली नाही तर फुल फॉरमॅट मारून रिकव्हरी सॉफ्टवेअरने फायली काढा. फारच झालं तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड बसवा. पुढे असं होऊ नये म्हणून दर आठवड्याला डीफ्रॅग करा (म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे जवळ आणा), आणि तपासणी सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची हेल्थ ‘गुड’ दिसत असेल तर निर्धास्त राहा.

यातले बरेचसे उपाय कुठल्या तरी काळी, कुठल्या तरी डिस्कवर खरंच चाललेले आहेत, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. गोची अशी की मेसेज लिहिणारा डिस्क चालू करायच्या मागे आहे आणि आपल्याला तिच्यातले फोटो हवे आहेत. मरणाऱ्या डिस्कवर ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात.

फ्रीझरपासून सुरू करू. नव्वदच्या दशकातल्या डिस्क बंद झाल्या की डेटा वाचणारं-लिहिणारं हेड थेट तबकडीवर टेकायचं. कधी ते तिथेच चिकटून बसायचं आणि मोटर फिरायची नाही. गारव्याने भाग किंचित आकसले की ते सुटण्याची शक्यता असायची. हल्लीच्या बहुतेक डिस्कमध्ये बंद होताना हेड तबकडीबाहेरच्या रॅम्पवर जाऊन बसतं, त्यामुळे सोडवण्यासारखं काही उरलेलंच नाही. उलट फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कला घाम फुटतो, बाहेर फुटतो तसा आतही फुटू शकतो. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा ठेवायला एक बारीक भोक असतं. त्यामागची गाळणी धूळ अडवते, बाष्प पूर्णपणे अडवत नाही. आत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. तिथे ओल आली की काय होईल हे सांगायला नको. रत्नागिरीत ऐन जुलैमध्ये हा प्रयोग करणाऱ्याला माझा दंडवत.

टकटक होते कशामुळे, हे मेसेजमध्ये नाहीच. हेड तबकडीवरच्या स्थानखुणा शोधतं, त्या सापडल्या नाहीत की मागे येऊन पुन्हा धडपडतं, त्याचा तो आवाज. बहुतेक वेळा हेड खराब झालेलं असतं. पण पोर्टेबल डिस्कच्या बाबतीत साधं कारणही असू शकतं: वीज पुरत नाही. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००, आणि तबकडी फिरायला सुरुवात होताना डिस्कला एरवीपेक्षा जास्त वीज लागते. लांब केबल, हब, डेस्कटॉपचा पुढचा पोर्ट असं सगळं जुळून आलं की धडधाकट डिस्कही टकटकते. म्हणून आधी आखूड केबल लावून मागच्या पोर्टला जोडा, शक्य तर दुसऱ्या कॉम्प्युटरला. एकदाच. तरी आवाज येत असेल तर डिस्क काढून ठेवा. चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला तबकडीवर ओरखडे पडण्याची भीती असते.

चेकडिस्कबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे, कारण ते विंडोजचंच साधन असल्याने लोकांना निरुपद्रवी वाटतं. त्याचं काम फाइल सिस्टमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदवहीचा, हिशेब जुळवणं. हिशेब जुळला नाही तर ते नोंदी बदलतं, काही तोडतं, आणि मालक न सापडलेले तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये बिननावाच्या फायली म्हणून टाकतं. हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहिलं जातं. मेसेजमधला ‘आर’ पर्याय तर डिस्कचा कानाकोपरा वाचत बसतो, तासन्‌तास. जेमतेम जीव असलेल्या हेडला हे झेपत नाही.

इथे क्रम उलटा हवा. आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यायची. लिनक्सवर ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे फुकट साधन त्यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. कुठवर आलो याची नोंद एका मॅप फायलीत राहते, म्हणून मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. मात्र मूळ डिस्क कुठली आणि प्रतीची कुठली हे आज्ञा देण्याआधी दोनदा तपासा. उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. प्रत हातात आली की तिच्यावर चेकडिस्क चालवा, रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, काय हवं ते करा. टकटकणाऱ्या डिस्कवर मात्र डीडीरेस्क्यूसुद्धा नको, ते वाचनदोष असलेल्या पण शांतपणे फिरणाऱ्या डिस्कसाठी.

फुल फॉरमॅटचा सल्ला विंडोज एक्सपीच्या जमान्यातला आहे. तेव्हा फुल फॉरमॅट खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शोधायला डिस्क फक्त वाचायचा, जुना मजकूर बराचसा जागेवर राहायचा. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून तो अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो. ‘क्विक नको, फुलच करा, खोलवर साफ होतं’ असं मेसेजमध्ये आहे. साफ होतं, यात वाद नाही. एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, तर क्विक फॉरमॅटही महागात पडतो. विंडोज ७ पासून ‘ट्रिम’ आज्ञा आहे. ती मिळाली की एसएसडी रिकाम्या ठरलेल्या जागा स्वतःच पुसून टाकते आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरला शून्यंच दिसतात.

बोर्ड बदलणं: आजच्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या हेडची जुळणी साठवलेली असते. ती माहिती हलवल्याशिवाय नुसता बोर्ड लावून बहुधा काही होत नाही.

डीफ्रॅग: एसएसडीला हेडच नाही, त्यामुळे तुकडे जवळ आणून मिळणारा फायदा नगण्य, आणि लिहिण्याची झीज फुकट. विंडोज ८ पासून ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडी ओळखून ट्रिम पाठवतं, त्याला त्याचं काम करू द्या.

उरलं ‘हेल्थ गुड’. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांनी ‘स्मार्ट’च्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांतल्या, चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे ‘गुड’वर विसंबून बॅकअप टाळणं चूक. पण त्याच अभ्यासात पहिला स्कॅन एरर (तबकडी तपासताना सापडलेला दोष) आलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त निघाली. तेव्हा या नोंदी दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये ०५, सी५ किंवा सी६ या (खराब किंवा संशयित सेक्टरच्या) ओळींची मोजणी शून्यावरून वर सरकू लागली, तर त्याच दिवशी कॉपी घ्या. सी७ (डेटा ने-आण करताना झालेल्या चुका) एकटीच वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क कॉम्प्युटरला जोडणाऱ्या साटा केबलचा. ती बदला, डिस्क फेकू नका.

दुकानदार लुटतात, या तक्रारीत काही वेळा तथ्य असतं. त्यावर उपाय म्हणजे डिस्क देण्याआधी विचारणं: उघडावी लागली तर कुठे उघडणार, आधी क्लोन घेणार का, डेटा निघाला नाही तर पैसे किती, मूळ डिस्क परत मिळेल का. ‘उघडू की इथेच काउंटरवर’ असं उत्तर आलं, तर डिस्क उचलून बाहेर पडा.