जुने अक्षर वाचायचे, तर ते तपासताही आले पाहिजे

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुनी महसुली आणि शाळांची दप्तरे उघडली गेली आणि मोडी ही जुनी मराठी लिपी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तेव्हापासून मोडी शाळेत शिकवावी का आणि यंत्रच ती वाचून देईल का, या दोन प्रश्नांवर महाराष्ट्रात हिरिरीने बोलले जाते. जर्मनीत राहून हा वाद वाचताना मला वाटते की त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवायला हवा: एकाने लावलेले वाचन दुसऱ्याने कसे पडताळून पाहायचे?

इथेही अक्षराची परंपरा तुटलेली आहे. १९४१ मध्ये नाझी राजवटीने जुनी कुरेंट लिपी आणि तिचे झ्युटरलिन हे शालेय वळण शाळांतून काढून टाकले, त्यामुळे आजीआजोबांची पत्रे अनेक घरांत कोणालाच वाचता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून गावोगावच्या प्रौढ शिक्षणवर्गांत कुरेंट शिकवली जाते आणि हॅम्बुर्गमध्ये ज्येष्ठ नागरिकांचे एक मंडळ लोकांची जुनी कागदपत्रे उतरवून देते. कुरेंटमध्ये ‘ए’ आणि ‘एन’ ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात. म्हणून अंदाजाने शब्द पुरा करायचा नाही, त्याच लेखकाच्या हातचा निर्विवाद शब्द त्याच कागदात शोधायचा आणि त्यातील अक्षराशी संशयित अक्षर ताडून पाहायचे, ही पहिली शिस्त.

मोडीला ही शिस्त अधिकच लागते. ओळीची शिरोरेघ आधी ओढलेली, शब्द न तोडता सलग लिहिलेले, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही आणि परगणा, तर्फ, मुक्काम असे नेहमीचे शब्द एकदोन अक्षरांत आटोपलेले. अशा मजकुरात तारीख फार मोठा आधार देते. मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या शुहूर सन या कालगणनेचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात, सलास म्हणजे तीन, अर्बा म्हणजे चार. त्यांचा क्रम ठरलेला असल्यामुळे तेवढ्या भागावरून कारकुनाचे वळण हाती लागते, आणि त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सनही कळते. घरातल्या पेटीत निघालेल्या एखाद्या वतनाच्या कागदाचे वाचन इथूनच सुरू करावे असे मला वाटते. पूर्वजांचे नाव आधी शोधायला गेले की ते नसलेल्या ठिकाणीही दिसू लागते.

मात्र जर्मनीचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. इथल्या चर्चच्या वह्यांत मजुरांच्याही बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि मृत्यूची नोंद झाली, तर आपल्याकडे शेतसारा, वतन किंवा कर्ज यांच्याशी ज्याचा संबंध आला त्याचेच नाव बहुधा कागदावर चढले. स्त्रिया आणि भूमिहीन कुटुंबे त्यात फार कमी सापडतात. म्हणून ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘माणूस नव्हता’ असा लावणे हा अन्याय आहे, आणि नोंदींच्या वादात ही गोष्ट फारसे कोणी बोलत नाही याचे मला वाईट वाटते.

यंत्राचे म्हणाल, तर इन्सब्रुक विद्यापीठात विकसित झालेले ट्रान्सक्रिबस हे हस्ताक्षर वाचणारे सॉफ्टवेअर कुरेंट वाचते ते माणसांनी आधी ओळीओळीने उतरवलेल्या पानांवर शिकूनच. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. यंत्राला शिकवण्याजोगी तपासलेली पाने मात्र माणसांनाच तयार करावी लागतील.

मोडी सर्व शाळांत सक्तीची करावी असे मी म्हणणार नाही. पण ज्या नोंदीवर कोणाचा दाखला किंवा जमिनीचा हक्क ठरतो, तिचे मूळ छायाचित्र, ओळीला ओळ जुळणारे देवनागरी लिप्यंतर, शंकास्पद अक्षरांवर स्पष्ट खूण आणि वाचणाऱ्याचे नाव या चारही गोष्टी संबंधित कुटुंबाच्या हाती दिल्याच पाहिजेत, म्हणजे त्यांना तो कागद दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा वाचून घेता येईल.