ऑक्टोपस पाळला होता, म्हणून बोलते

दर आठवड्याला कुणी ना कुणी इनबॉक्समध्ये विचारतंच, "तुमच्याकडे ऑक्टोपस होता ना? आम्हालाही पाळायचाय, टाकी केवढी लागते?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते, यापुढे लिंक देऊन मोकळी होईन. पोस्ट लांब आहे. ज्यांना फक्त टाकीचा आकार हवाय त्यांनी २०० लिटरच्या खाली विचारसुद्धा करू नका, आणि खुशाल पुढे स्क्रोल करा. बाकीच्यांनी बसा.

आधी माझं मत सांगते म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. मी पुन्हा पाळणार नाही. लोकांना वाटतं अवघड असतं म्हणून. अवघड आहेच, पण ज्याने चार-पाच वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी नीट सांभाळलीये त्याला अशक्य नाही. काही जण म्हणतात एवढ्या हुशार जीवाला काचेत कोंडायचं हे पाप आहे, त्यातही तथ्य आहे, येते त्यावर. पण माझं दुखणं वेगळंच आहे. हा प्राणी तुम्हाला ओळखायला लागतो तेव्हा त्याची निघायची वेळ झालेली असते. बस. बाकी सगळं मी सहन केलं असतं.

घरी पाळायला त्यातल्या त्यात बरा समजला जातो तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडचा दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस, हौशी लोक त्याला 'बायमॅक' म्हणतात. दोन्ही डोळ्यांखाली एकेक निळा गोल ठिपका, म्हणजे खोटे डोळेच. हा जगतो साधारण वर्ष ते दोन वर्षं. छोट्या बुटक्या जाती असतात त्यातल्या काही तर वर्षसुद्धा पुरं करत नाहीत. आणि पॅसिफिकमधला तो अवाढव्य जायंट, जगातला सगळ्यात मोठा, तोसुद्धा ३ ते ५ वर्षं. यात आणखी मेख अशी की समुद्रातून पकडून आणलेला मोठा ऑक्टोपस घेतलात तर त्याचं किती आयुष्य संपलंय हे कुणालाच माहीत नसतं, विकणाऱ्यालाही नाही. लोक मोठा, देखणा बघून घेतात आणि महिन्याभरात "आमचं काय चुकलं" म्हणून रडतात. काही चुकलेलं नसतं हो, तो म्हाताराच आलेला असतो.

आमचा टाकीतच जन्मलेला होता, आणला तेव्हा मुठीत मावेल एवढा. बायमॅकचं हे एक बरं असतं, त्याची अंडी मोठी, पिल्लू बाहेर येतं ते थेट तळाशी रांगायला लागतं, त्यामुळे ते वाढवता येतं. बाकी बऱ्याच जातींची पिल्लं इतकी बारीक असतात की ती पाण्यात तरंगत राहतात आणि घरात ती जगवणं म्हणजे विसरूनच जा. नाव ठेवलं बंडू. पोरीने ठेवलं. पहिले पंधरा दिवस बंडू म्हणजे दगडाखालचे दोन डोळे, एवढंच. नवरा म्हणाला, एवढा खटाटोप करून आपण एक दगड पाळलाय.

मग एका रात्री मी पाण्यात हात घालून पंप साफ करत होते, तर एक हात आला. म्हणजे हाताचं टोक, शिवणाच्या दोऱ्याएवढं. आधी नखाला लागलं, मग नखाच्या कडेच्या कातडीला, हाताखालची एकेक चिकटणारी वाटी अलगद लागत वर सरकत गेली, आणि अंगठीवर येऊन थांबली. अंगठीवर बराच वेळ. सोडवताना टप टप टप असा आवाज होतो, तो कानात बसलाय माझ्या. नंतर वाचलं की त्या वाट्यांना चवही कळते, म्हणजे तो मला हात लावत नव्हता, चाखून बघत होता. तेव्हापासून टाकीत हात घालण्याआधी साबण नाही, क्रीम नाही, नुसत्या पाण्याने खळाखळा धुवायचे.

त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश हातांमध्ये असतात, डोक्यात नाही. वाचताना हे भारी वाटतं, पण समोर बघताना जरा भीतीच वाटते. बंडू काचेला नाक लावून (नाक नसतं, कळलं ना काय म्हणायचंय) माझ्याकडे टक लावून बघतोय आणि मागे त्याचा एक हात स्वतःच्याच मर्जीने स्पंज उपटतोय. आपण रागावावं तरी कुणावर!

आता झाकण. हे मी ओरडून सांगते. झाकण, झाकण, झाकण. ऑक्टोपसच्या अंगात कठीण म्हणावी अशी वस्तू एकच, ती चोच. चोच जाईल त्या भोकातून आख्खा ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडमध्ये नेपिअरच्या नॅशनल अ‍ॅक्वेरियममधून २०१६ मध्ये इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीतून निघाला, जमिनीवरून सरपटत गेला आणि ड्रेनेजच्या पाइपमधून थेट समुद्रात. जर्मनीत कोबुर्गच्या अ‍ॅक्वेरियममधला ऑटो २००८ मध्ये वरच्या दिव्यावर पाण्याच्या पिचकाऱ्या मारून शॉर्टसर्किट करायचा. आणि २००९ मध्ये सँटा मोनिकाच्या अ‍ॅक्वेरियममध्ये एकीने व्हॉल्व्हच खोलला, सकाळी स्टाफ आला तर साडेसातशे लिटरच्या आसपास पाणी बाहेर, ती चक्क आमच्याच बायमॅकच्या जातीची. ही सगळी पगारी माणसं ठेवलेली ठिकाणं आहेत हे लक्षात घ्या.

आमच्याकडे पंपाची वायर बाहेर यायला झाकणात एक खाच ठेवली होती, दोन बोटं जेमतेम जातील एवढी. एका संध्याकाळी लाइट लावला तर त्या खाचेतून दोन हात बाहेर आलेले आणि भिंत चाचपडत होते. शांतपणे. घाई नाही काही नाही, आपण अंधारात बटण शोधतो ना, तसं. मी किंचाळले, हात आत गेले, आणि त्या रात्री मी त्या खाचेत स्पंज कोंबून वर जाडजूड चिकटपट्टी आणि झाकणावर दोन किलोची दोन वजनं ठेवली. ती वजनं नवऱ्याच्या व्यायामाची होती. तशीही धूळच खात होती.

पाण्याचं थोडक्यात सांगते कारण टाकीवाल्यांना हे माहीत असतं आणि नवख्यांनी ऑक्टोपसपासून सुरुवात करूच नये. टाकीत पाणी भरून, पण प्राणी न सोडता निदान तीन महिने चालवा, मगच आणा. पाणी थंड लागतं, १८ ते २२ अंश, म्हणजे पाणी गार करणारा चिलर आला. स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र, टाकीच्या मानाने मोठाच घ्या, कारण हा प्राणी खातो दाबून आणि घाणही तेवढीच करतो, अमोनिया वाढला की संपलं. तांबं म्हणजे विष, माशांच्या औषधात असतं ते, त्यामुळे ज्या टाकीत पूर्वी कधी तांब्याचं औषध पडलंय ती टाकी यासाठी वापरायची नाही. गंमत बघा, त्याचं स्वतःचं रक्त निळं असतं ते तांब्यामुळेच. तीन हृदयं असतात, दोन कल्ल्यांसाठी आणि एक बाकी शरीरासाठी, पण ते निळं रक्त ऑक्सिजन वाहून न्यायला आपल्या लाल रक्ताइतकं चांगलं नाही, म्हणून पाण्यात ऑक्सिजन कमी झालेला याला खपत नाही. वीज गेली तर चालणारा हवेचा पंप ठेवाच. सोबत दुसरे मासे? नाही. एकतर तो त्यांना खाईल नाहीतर ते त्याला कुरतडतील. दुसरा ऑक्टोपस? त्याहून नाही.

आणि खाणं. जिवंत खेकडे, कोळंबी, गोगलगायी. नंतर फ्रोजन घ्यायला लागला पण सुरुवातीला जिवंतच. म्हणजे ऑक्टोपसची एक टाकी आणि खेकड्यांची दुसरी. एक जीव हौसेने पाळायचा आणि त्याच्यासाठी दिवसाआड एक जीव आपल्या हाताने आत सोडायचा, याचा विचार आणण्याआधी कुणी करत नाही, मीही केला नव्हता.

निळ्या कड्यांचा ऑक्टोपस कुणी देतो म्हणाला तर तिथून पळा. त्याच्या विषावर उतारा नाही, अंग लुळं पडून श्वास थांबतो आणि विष उतरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहायचं एवढाच उपाय. आणि जातीचं नाव न सांगता नुसतं "छोटा ऑक्टोपस" म्हणून विकत असतील तर तोही घेऊ नका.

आता हुशारीचं. बंडूला आम्ही फिरकीच्या झाकणाच्या बरणीत खेकडा घालून द्यायचो. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, आठवड्याने दोन मिनिटं, आणि मग त्याला कंटाळा यायला लागला, खेकडा काढून बरणी माझ्या बाजूच्या काचेवर ढकलून द्यायचा. दुसरं आण, असं. माणसंही तो ओळखायचा, यात मी काही वेगळं सांगत नाहीये, सिएटल अ‍ॅक्वेरियममध्ये मुद्दाम तपासलेलं आहे, एका माणसाने खायला द्यायचं, दुसऱ्याने काडीने टोचायचं, आणि दोन आठवड्यांत ऑक्टोपस दोघांशी वेगवेगळे वागायला लागले, त्याचा पेपर २०१० मध्ये आला. आमच्याकडे काच घासायचं काम नवऱ्याकडे होतं. पिचकारी कायम त्यालाच.

म्हणून "प्राण्यांना कुठे काय कळतं" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपसला जाणीव असलेल्या प्राण्यांत धरलंय, वेदना त्यांना होतात याचे प्रयोगही झालेत. पण खरं सांगू, मला कायदा वाचून नाही कळलं. रविवारी आम्ही दिवसभर बाहेर होतो, परत आलो तर त्याने सगळे दगड एका कोपऱ्यात रचून ठेवले होते, थर्मामीटर उपटून त्याच्यावर, आणि स्वतः मधोमध उघड्यावर बसलेला. कंटाळलेलं मूल बघितलंय ना, तसं. दोनशे काय, चारशे लिटर दिलं तरी हे चुकत नाही. कुणी म्हणेल खेळणी द्या. दिली की. रोज नवीन कुठून आणणार?

दहाव्या महिन्यात बंडू बाहेर यायचा बंद झाला. मला वाटलं पाणी बिघडलं, तीन वेळा टेस्ट केली, सगळं ठीक. टॉर्च मारून बघितलं तर दगडाच्या आतल्या बाजूला पांढरे थेंबांसारखे झुबके लटकलेले. अंडी. बंडू नव्हताच तो, ती होती. नर असेल तर उजवीकडचा तिसरा हात टोकाला वेगळा असतो, त्यावरून कळतं, मी इतके महिने ते आठ हात बघत बसले आणि तेवढं बघितलं नाही.

नर कधी भेटलाच नव्हता, त्यामुळे त्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं. पण हे तिला कोण सांगणार. ती त्यांच्यावर पाणी फुंकत राहायची, वाट्यांनी एकेक अंडं पुसत राहायची, आणि खाणं बंद. या जातीत हे असंच असतं, अंडी घातली की आई खात नाही, आणि अंडी फुटेपर्यंत ती संपलेली असते. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टरे बेच्या खोल पाण्यात एक ऑक्टोपस शास्त्रज्ञांना ५३ महिने त्याच अंड्यांवर बसलेली दिसली, मधे अनेकदा जाऊन बघितलं पण खाताना एकदाही दिसली नाही. डोळ्यांमागे एक ग्रंथी असते तिचा हा सगळा कारभार. १९७७ मध्ये वोडिन्स्की नावाच्या संशोधकाने माद्यांच्या त्या ग्रंथी काढल्या तर त्यांनी अंडी सोडून दिली, परत खायला लागल्या आणि जास्त जगल्या. हे मी रात्री दोन वाजता वाचत होते. वाचून काय उपयोग होता ते मलाही माहीत नाही.

मी रोज खेकडा तिच्या अगदी तोंडाशी सोडायचे. ती एक हात बाहेर काढायची, खेकड्याला हळूच बाजूला सारायची आणि हात परत आत. कधीकधी जाता जाता माझ्या बोटाला एकदा लावून. रंग पांढुरका पडत गेला, कातडीवर जखमा, त्या भरेनात. सात आठवडे. एका सकाळी ती अंड्यांपासून सुटून तळाशी पडलेली होती. पोरगी म्हणाली, आई, आता झाकण काढू या का.

अजून काढलेलं नाही. टाकी चालूच आहे, कारण तिने बाजूला सारलेले तीन खेकडे आत आहेत आणि मस्त जाडजूड झालेत. खेकड्याला काय, झाकणाशी काही देणंघेणं नाही. नवरा मात्र दोनदा विचारून गेला, त्याला वजनं परत हवीत म्हणे.