दिवाळीपर्यंत पाण्याच्या कादंबऱ्या वाचा

जून लागला की कुणी ना कुणी विचारतंच, "पावसाचं घरात बसायचंय, एखादी चांगली कादंबरी सांग." मग सगळे मिळून तीच यादी सांगतात. मृत्युंजय, छावा, स्वामी, ययाति. वाईट कोण म्हणतंय? ययाति तर आपल्या सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांची, ज्ञानपीठवाली. पण ही नावं सांगायला मी कशाला हवी, ती पुस्तकं लोकांना लग्नाच्या आहेरातसुद्धा मिळतात.

माझं म्हणणं असं आहे की सांगलीकरांनी आतापासून दिवाळीपर्यंत पाण्याच्या कादंबऱ्या वाचाव्यात. पाणी नसलेल्या आणि पाण्याखाली गेलेल्या, दोन्ही. या दिवसांत आपण पाण्याशिवाय दुसरं काही बोलत नाही आणि बोलतो ते सगळं आकड्यांत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, चांदोली धरण किती भरलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे उघडले का. गावभागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पण कोयनेच्या १०५ टीएमसी पाण्याखाली कुणाची गावं गेली ते विचारा, सगळे गप्प. आकड्याला चेहरा नसतो. तो कादंबरीत सापडतो.

पहिली अर्थातच बनगरवाडी. "शाळेत धडा होता की," म्हणणारे पुष्कळ भेटतात, अख्खं पुस्तक वाचलेले कमी. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, कादंबरी १९५५ ची, पानं दीडशेच्या आतबाहेर. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो आणि शाळेत पोरंच नसतात, कारण पोरं मेंढरांमागं. मग तो कुणाचे कागद लिहितो, कुणाची भांडणं सोडवतो, गावाला जमवून तालीम उभी करतो, राजेसाहेब येतात, सगळं कसं छान चाललंय असं वाटतं. आणि पाऊस येत नाही. शेवटची पंचवीस-तीस पानं मराठीत दुष्काळावर लिहिलेली सगळ्यात चांगली पानं आहेत असं माझं ठाम मत आहे. रडारड नाही, सरकारला शिव्या नाहीत, भाषण नाही. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, एवढंच. वाडीतल्या अंजीबद्दल आणखी कळायला हवं होतं असं मात्र मला दर वेळी वाटतं. माडगूळकर बायकांच्या बाबतीत जरा हात आखडताच घेतात.

आज आटपाडीत टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. तिकडच्या कॉलेजातल्या पोरांना ही कादंबरी परक्या मुलखातली वाटते. पण कृष्णेचं पाणी एवढ्या उंचावर चढवून न्यायला लोक इतकी वर्षं का भांडले, ते यातूनच कळेल. आणि जतच्या पूर्व भागातल्या माणसाला तर ती अजूनही कालचीच वाटेल. एकाच जिल्ह्यात एका टोकाला बोटी निघतात आणि दुसऱ्या टोकाला टँकर, म्हणून पुराच्या बाजूच्या लोकांनी ती आधी वाचावी.

दुसरी फकिरा. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. शाळा जेमतेम दीड दिवसाची, आणि १९५९ च्या या कादंबरीची अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला. दुष्काळात माणसं उपाशी मरताना बघून धान्य आणि खजिना लुटणाऱ्या फकिराची ही गोष्ट. काही शहाणे वाचक म्हणतात की भाषा फार भडक आहे, सिनेमासारखं वाटतं. त्यांना माझं एकच सांगणं, दोन पानं मोठ्यानं वाचून बघा. शाहिराचं लिखाण आहे ते, मनातल्या मनात वाचलं की अर्धं जातं. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना वाचून दाखवा, वारणेकाठची निम्मी नावं त्यांच्या ओळखीची निघतील.

जुलैत धरणं भरायला लागली की विश्वास पाटलांची झाडाझडती घ्या. साताऱ्याच्या ९९ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव सगळीकडं झालं, पण लोकांच्या तोंडी त्यांची पानिपतच. माझ्या मते झाडाझडती त्याहून मोठी. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणासाठी उठवलेल्या माणसांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर कसे फिरतात, हे प्रशासन आतून बघितलेला माणूसच असं लिहू शकतो. मधला भाग लांबलाय, दोन प्रकरणं सहज कापता आली असती. तरी वाचा. चांदोलीचे धरणग्रस्त आपल्याच जिल्ह्यात वसाहतींमध्ये राहतात, आपण त्यांच्या वसाहतीवरून गाडी नेतो आणि तिला एखाद्या गावासारखं नावही असेल हे आपल्या डोक्यात येत नाही.

तिच्याच जोडीला कृष्णात खोतांची रिंगाण, २०२३ ची साहित्य अकादमी. धरणामुळं उठलेला माणूस मागं राहिलेल्या म्हशीला आणायला जुन्या गावाकडं जातो आणि म्हैस तोवर रानाची झालेली असते. बस, एवढीच गोष्ट. कोल्हापूरकडची बोली इतकी दाट आहे की सुरुवातीची वीसेक पानं ठेचकाळत जातात, नंतर पाय सरावतात. पुण्यातल्या नातेवाइकांना देणार असाल तर आधी सांगून ठेवा. पाऊस थांबायचं नाव घेत नसला, कपडे वाळत नसले, तर खोतांचीच झड-झिंबड. पावसावर कविता करणाऱ्यांनी तर जरूर.

सदानंद देशमुखांची बारोमास ऑक्टोबरसाठी ठेवा. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी, शिकून घरी बसलेला एकनाथ, घरातली रोजची धुसफूस. उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं ती वाचायलाच हवी. आपण कारखान्याच्या बिलावरून भांडतो, तिथं भांडायला बिलच नाही. फक्त ऐन दिवाळीत नको, फराळ गोड लागणार नाही.

रा. रं. बोराड्यांची पाचोळा पाण्याची नाही, तरी घुसडतेच. गावातल्या शिंप्याच्या बायकोनं आपल्या मराठवाडी बोलीत सांगितलेली. वीज गेलेल्या एका दुपारी संपते.

सगळ्या दुःखीच सांगितल्यास, असं म्हणणारे येणारच. फकिरा दुःखी नाही, चिडलेली आहे, आणि बनगरवाडीत चिक्कार हसायला येतं. त्यातूनही हलकं हवं असेल तर माडगूळकरांचीच सत्तांतर घ्या. वानरांच्या टोळीतलं राजकारण आहे, गल्लीतलंच वाटेल.

पुस्तकं आधी वाचनालयात मागा. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या वाचनालयांची हजारो पुस्तकं भिजून गेली, त्यामुळं जुनी प्रत मिळेलच असं नाही, पण चार जणांनी मागितलं की नवी येते. सुरुवात बनगरवाडीनंच करा. झाडाझडती आधी हातात घेतली तर तिची जाडी बघून बाकीच्या राहून जातील. आणि कृपा करून कुणी खाली "पीडीएफ आहे का?" असं विचारू नका.